पाठाची आखणी आणि तिचे वाटेकरी

पाठ्यपुस्तकाच्या आरंभी एक पान असे असते, की जे विद्यार्थी वाचत नाहीत आणि शिक्षकही क्वचितच वाचतात. विषय समिती, अभ्यासगट, समन्वयक, चित्रकार, निर्मिती अशा मथळ्यांखाली त्या पानावर नावे दिलेली असतात. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या 'बालभारती'च्या पुस्तकांमागे ही सर्व मंडळी उभी असतात. विषय जाणणारा, तो मुलांच्या आवाक्यात आणणारा, चित्रे काढणारा, मसुदा तपासणारा आणि सर्वांचा मेळ घालणारा, ही माणसे निरनिराळी असतात, कारण ही कामेच निरनिराळी आहेत. द्विशिक्षकी शाळेत मात्र ती सारी एकाच शिक्षकाकडे येतात, आणि त्यांतील एखादे नकळत गळून पडते. म्हणून पाठाची आखणी म्हणजे काय व तीत कोणत्या भूमिका असतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आखणी म्हणजे केवळ टाचण नव्हे. हर्बार्टच्या नावाने ओळखली जाणारी पंचपदी प्रशिक्षित शिक्षकांना परिचित आहे. प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंत तासिका कशी चालवावी, हे ती सांगते. आखणीचा आरंभ त्यापूर्वीच होतो. मूल आज कोठे आहे, त्याला कोठे न्यावयाचे आहे आणि ते तेथे पोहोचले हे कशावरून ओळखावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम लिहावीत; कृती आणि साधने त्यानंतर ठरवावीत. १९७५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्य विद्यापीठात सैनिकी प्रशिक्षणासाठी हीच प्रक्रिया विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण अशा पाच टप्प्यांत मांडली गेली. नावे नवी असली, तरी तत्त्व गवंड्याच्या ओळंब्याचेच आहे. भिंत बांधून झाल्यावर ओळंबा लावून काय उपयोग?

आता आपल्या जिल्ह्यातील एक पाठ घेऊ. 'मुलांना पंचगंगेची माहिती देणे' अशा प्रकारचे उद्दिष्ट टाचणात पुष्कळदा आढळते. परंतु हे शिक्षकाचे काम झाले. मुलाला काय यावयाचे, ते यात कोठेच नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीपर्यंत आणि पंचगंगेचे पाणी तेथून नृसिंहवाडीस कृष्णेपर्यंत कोणत्या दिशेने वाहते, हे मूल कोऱ्या नकाशावर बाणांनी दाखवील, तसेच राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीची बातमी वाचून तिचा अर्थ सांगेल.' ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर ज्या गावांनी पाहिले, तेथे या उद्दिष्टाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तेथील मुलाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ गुणांपुरता राहत नाही.

मूल आज कोठे आहे, हे पाहू लागताच एक अडचण ध्यानात येते. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो आणि पाणी तर खाली वाहते. तेव्हा नद्या नकाशाच्या खालच्या बाजूस, म्हणजे दक्षिणेस वाहतात, असा अनेक मुलांचा समज होतो. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात. हा समज दूर करणे, हेच या पाठाचे मर्म होय. म्हणून शाळेच्या अंगणात पश्चिमेस उंच व पूर्वेस सखल असा मातीचा उतार करावा, त्यात चार ओहळ कोरून एकत्र मिळवावेत आणि मुलांच्या हातांनी तांब्याने पाणी सोडवावे. मग नकाशा जमिनीवर, खऱ्या उत्तरेशी जुळवून पसरावा. भिंतीवर तो शेवटी लावावा.

पातळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी पुरे. एका फुटास एक सेंटिमीटर धरून तीवर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी दोन रंगांनी दाखवावी. बातमीत पातळी ३६ फूट असेल, तर इशारा पातळीस ३ आणि धोका पातळीस ७ फूट उरले, हे मुलांनीच काढावे. मात्र हा आकडा राजाराम बंधाऱ्यावरील आहे, आपल्या गावच्या ओढ्याची ती खोली नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या एका पाठात भूमिका किती झाल्या, ते पाहा. आकड्याचा खरा अर्थ सांगणे हे विषय जाणणाऱ्याचे काम. मुलांचा समज ओळखून कृतींचा क्रम लावणे हे रचनाकाराचे. पट्टी व उतार तयार करणे हे साधनकाराचे. वेळ व साहित्य यांचा मेळ घालणे हे समन्वयकाचे. ही चारही कामे एक शिक्षक निरनिराळ्या वेळी करू शकतो. पाचवे, समीक्षकाचे काम मात्र स्वतःचे स्वतःला साधत नाही; आपल्या पाठातील उणीव आपल्याच डोळ्यांना सहसा दिसत नाही. ते सहकाऱ्याकडे द्यावे. त्याने एरवी गप्प बसणाऱ्या तीन मुलांपुढे तोच नकाशा आडवा फिरवून ठेवावा आणि पाणी कोठून कोठे जाते, ते विचारावे. पाठांतर केलेले मूल येथे अडखळते. ज्याला समजले ते दिशा शोधून उत्तर देते. तिघेही अडखळले, तर दोष मुलांना न देता आखणीच पुन्हा तपासावी.

एकशिक्षकी शाळांनी हे काम केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाटून घ्यावे. एका शाळेने पाठ आखावा, दुसरीने साधन करावे, तिसरीने तो आपल्या वर्गावर घेऊन पाहावा. अशा रीतीने महिन्यास एकच पाठ कसून तयार झाला, तरी वर्षाअखेर केंद्राच्या कपाटात पारखलेल्या पाठांचा संग्रह होईल. प्रत्येक पाठाच्या कागदावर कोणी काय केले ते लिहावे, आणि मुले कोठे अडली याची नोंद त्याखाली अवश्य करावी. पुढे तो पाठ घेणाऱ्या शिक्षकाला सर्वांत अधिक उपयोग होईल, तो याच नोंदीचा.