चुलीच्या धुरात काय काय असतं?

ओलसर लाकूड चुलीत सारलं की त्याच्या टोकातून फेस येतो, फसफस आवाज होतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. आजी म्हणायची, ‘लाकूड रडतंय गं!’ रडायची मात्र तीच.

खरं तर लाकूड थेट पेटत नाही. आधी ते तापून आतून फुटतं, त्यातून वायू आणि वाफा निघतात. ज्वाळा असते ती त्यांची. न जळता त्या निसटल्या की झाला धूर! मग आपली फुंकणी आहेच.

हेच लाकूड बंद लोखंडी भांड्यात, हवा लागू न देता तापवलं, तर साधारण २०० अंशांपुढे ते विघटित होऊ लागतं. वाफा गार केल्या की मिळतं व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल आणि डांबर. भांड्यात उरतो कोळसा. म्हैसूर संस्थानने भद्रावतीला १९२३ मध्ये सुरू केलेल्या लोखंड कारखान्यात भट्टीसाठी कोळसा असाच करत आणि वाफांमधून रसायनंही काढत. (यातलं मिथेनॉल म्हणजे विषारी दारूत माणसं आंधळी करणारं तेच.)

आजीच्या स्वयंपाकघरातल्या वाशांवरचा काळा चिकट थर हे त्यातलंच डांबर. डोळ्यांना झोंबायचं ते ॲक्रोलिनसारख्या वाफांमुळे. कारखान्यात हा माल पिंपात जायचा, आमच्याकडे आजीच्या छातीत.

चूल अजून पेटत असेल तर लाकूड खडखडीत वाळलेलं, बारीक फोडलेलं घ्या. चूल कोंबू नका. खालून वारा खेळला की वाफा बऱ्याचशा तिथंच जळतात.