जमिनीखालून जाणारी वीज

घर बांधताना आवारातील गॅरेजकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. भिंती उभ्या राहतात, वर पत्रे चढतात आणि मग एके दिवशी तेथे दिवा हवा, याची आठवण होते. तेव्हा घराच्या खिडकीतून एक तार बाहेर निघते, आंब्याच्या फांदीवरून जाते आणि गॅरेजात उतरते. सोय झाली असे वाटते. परंतु फांदीवर घासून तारेचे आवरण झिजते, उन्हाने तडकते आणि वळवाच्या पहिल्या पावसात त्या सोयीची खरी किंमत कळते. हीच वीज जमिनीखालून नेल्यास हे धोके टळतात. मात्र जमीन तार झाकते. तिला राखतेच असे नाही. हे ध्यानी ठेवूनच या कामास हात घालावा लागतो.

मातीत ओल असते, वाळवी असते, घुशी-उंदीर असतात आणि कधी ना कधी कुदळही येते. म्हणून घरातील साधी तार पुरून चालत नाही. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे कवच असलेली आर्मर्ड केबलच येथे वापरावयाची असते. अशा कमी दाबाच्या केबलसाठी आय. एस. १२५५ या भारतीय मानकाने ७५ सेंटिमीटर खोली सांगितली आहे. चराच्या तळाशी बारीक वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटांची एक ओळ आणि मग माती, असा क्रम असतो. विटांचे काम केवळ घाव सोसण्याचे नाही. खोदणाऱ्याच्या पहारेला जमिनीखाली विटांची सरळ ओळ लागली, की त्याने हात थांबवावा, एवढी ती खूण बोलकी असते. मोटारीच्या वाटेखालून केबल मजबूत नळीतून न्यावी, आणि मध्ये सांधा ठेवू नये. ओल प्रथम सांध्यातच शिरते.

केबलची जाडी केवळ आजच्या दिव्यापुरती ठरविणे ही दुसरी सामान्य चूक होय. आज गॅरेजात विजेवर चालणारी मोटार उभी राहू लागली आहे, आणि साडेसात किलोवॉटच्या सुमारास शक्ती असलेला चार्जर ३२ अँपिअर प्रवाह तासन् तास घेतो. अंतर ३० मीटर धरल्यास जाण्यायेण्याची तार ६० मीटर होते. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत या प्रवाहाने सुमारे १४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि तार अतिशय तापते. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट सहा व्होल्टांच्या आत राहते. चर पुन्हा खणण्यापेक्षा प्रथमच जाड केबल टाकणे स्वस्त पडते.

परंतु सर्वांत मोठा गैरसमज अर्थिंगविषयी आहे. गॅरेजपाशी एक लोखंडी नळी जमिनीत ठोकली, की बिघडलेली वीज जमिनीत जिरून जाते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः वीज जमिनीत जिरत नाही. ती आपल्या उगमाकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, परत जाऊ पाहते. त्या नळीपासून मातीच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम असला, तर २३० व्होल्टांच्या दाबाने २३ अँपिअरच प्रवाह वाहील. एवढ्याने ३२ अँपिअरचा एमसीबी पडतच नाही, आणि मोटार धुणारा माणूस ओल्या पायांनी ज्या लोखंडी दाराला हात लावील, ते जिवंतच राहील. म्हणून घरापासून केबलमधूनच अर्थची स्वतंत्र तांब्याची तार न्यावी लागते. घराचे अर्थिंग पुरवठ्याच्या अर्थ-तारेशी जोडलेले असेल, तर या वाटेचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. मग ४०० अँपिअरांहून अधिक प्रवाह उसळून एमसीबी क्षणात पडतो. पुष्कळ ठिकाणी मात्र अशी जोडणी नसते. तेथे भरवसा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत एवढा फरक पडताच, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, ते पुरवठा तोडते. जोडणी असली तरीही ते असावेच. केबलचे पोलादी कवचही अर्थला जोडावयाचे असते.

हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, आणि चर बुजविण्यापूर्वी केबलची तपासणी व्हावी. गॅरेजात सर्व पुरवठा एकाच ठिकाणी बंद करता येईल असा मुख्य स्विच असावा.

एवढे झाले तरी एक काम उरते. चर कोठून कोठे गेला, भिंतीपासून किती अंतरावर आणि किती खोल, याचा साधा नकाशा मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. दहा-वीस वर्षांनी घराचा मालक कदाचित दुसरा असेल. चरावर हिरवळ वाढलेली असेल. आणि नारळाच्या रोपासाठी खड्डा खणावयास आलेल्या माळ्याला त्या जागेचा इतिहास सांगणारे कोणी नसेल. त्याच्या हातातील पहार आणि केबल यांच्यामध्ये तेव्हा विटांची एक ओळ आणि तो कागद, एवढेच काय ते असणार.