फायरवॉलमध्ये कार्ड बसवण्याचे काम



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाही तर कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, असे गृहीत धरले जाते. मी आज एका यंत्राविषयी बोलणार आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्याची ओळख पूर्वी रासायनिक कारखान्यांची होती. तेथेच ऐरोली, रबाळे, महापे या भागांत आता डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. आत यंत्रे हजारो आणि माणसे थोडी. ही थोडी माणसे रात्रपाळीत हातांनी नेमके काय करतात हे कळल्याशिवाय त्यांच्या मजुरीविषयी बोलणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे होय. मी इंजिनियर नव्हे. जे सांगतो ते यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून आणि काम करणाऱ्या मुलांना विचारून शिकलो आहे.

एखाद्या बँकेचे किंवा इस्पितळाचे आतले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये जे यंत्र बसवतात त्याला फायरवॉल म्हणतात. २०१७ साली मुंबईची जकात गेली आणि नाकेही गेले. परंतु दहिसर-मुलुंडला मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागू नये. माहितीचे प्रत्येक पुडके येथे थांबते. कोठून आले, कोठे चालले, नियमात बसते की नाही, एवढे पाहून त्याला आत सोडतात किंवा टाकून देतात. हे सारे एका सेकंदात लाखो वेळा चालते, एवढाच काय तो फरक.

आता नाक्यावर दोन तऱ्हेची अडचण होऊ शकते. एक म्हणजे मार्गिका अपुऱ्या पडतात. दुसरी अशी की, कागद पाहणारा कारकून असतो, पण गोणी उसवून आतला माल पाहणारा कोणी नसतो. या दोन अडचणींवर दोन तऱ्हेची जादा कार्डे निघाली. उदाहरणादाखल सिस्को कंपनीची एएसए ५५१०, ५५२० आणि ५५४० ही यंत्रे घेऊ. ती मालिका २००५ साली बाजारात आली, २०१३ साली तिची विक्री थांबली आणि २०१८ साली कंपनीने तिची देखभालही सोडली. म्हणजे आज ती खऱ्या पहाऱ्यावर ठेवू नयेत. पण रचना सुटसुटीत, मागच्या बाजूला जादा कार्डासाठी एकच स्लॉट, त्यामुळे शिकणाऱ्याला फार बरी. त्या स्लॉटमध्ये एक तर चार जादा गिगाबिट पोर्टांचे कार्ड बसे, नाही तर घुसखोरी ओळखणारे कार्ड बसे. हे दुसरे कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेला एक छोटा संगणकच. स्लॉट एकच असल्यामुळे मार्गिका वाढवायच्या की गोणी उसवणारा नेमायचा, हे आधीच ठरवावे लागे.

कार्ड स्लॉटात मावले म्हणजे काम झाले, असा वरिष्ठांचाही समज असतो. तो खरा नाही. एएसएच्या आधी सिस्कोची पिक्स ही यंत्रे होती. त्यांपैकी पिक्स ५३५ मध्ये नऊ स्लॉट असत, पण ते सारखे नव्हते. चार वेगवान मार्गांवर आणि पाच मंद मार्गावर. मंद कार्ड वेगवान मार्गावर बसवले की बैलगाडीमागे अडकलेल्या एसटीसारखा तो सगळा मार्गच मंदावे. काही बिघडल्याचे दिसत नसे, फक्त जाळे सुस्त होई. आज साधा सर्व्हर घेऊन त्यावर पीएफसेन्ससारखी प्रणाली चढवून फायरवॉल बनवतात. त्यातल्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटांचीही अशीच गंमत आहे. स्लॉट लांबीला सोळा लेनचा दिसतो, पण आतून तारा चारच लेनच्या असू शकतात. या पद्धतीच्या पहिल्या पिढीत एका लेनवरून एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट जात. चार लेनच्या झाल्या १०००. दहा गिगाबिटांच्या एका पोर्टाला भरधाव चालायला १२५० लागतात. हिशेब चौथीतल्या मुलाचा आहे, पण तो खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याने करायचा असतो, पहाटे दोन वाजता कार्ड बसवणाऱ्याने नव्हे.

परवान्याचेही तसेच. पिक्स ५१५ई हे यंत्र मर्यादित परवान्यावर तीनच पोर्ट चालू देई, अमर्याद परवान्यावर सहा. कार्ड नीट बसले, स्क्रू आवळले, तरी परवाना नसेल तर पोर्ट मुके. अशा वेळी ‘याला कार्ड बसवता येत नाही’ हा शेरा कोणाच्या नावावर पडतो ते सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. आधी यंत्रातली सगळी नियमावली दुसरीकडे उतरवून ठेवायची आणि प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधायची. मोठ्या ठिकाणी दोन फायरवॉल जोडीने असतात, एक कामावर आणि एक राखीव. एएसएच्या जोडीत दोन्हींकडे एकसारखेच कार्ड लागे. एकाला बसवून दुसऱ्याचे उद्या पाहू असे केले तर वेळेला जोडी कामाला येत नसे. मग वीज बंद करायची. नुसते बटण पुरत नाही, वायर काढायची. आणि दोन वीजपुरवठे असतील तर दोन्ही काढायच्या. चालू यंत्रात बदलता येतील अशीही कार्डे असतात हे खरे, पण पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच. स्लॉटवरची कोरी पट्टी दोन स्क्रू काढून सोडवायची आणि जपून ठेवायची. उद्या कार्ड काढले तर ती परत लावावी लागते, नाही तर पंख्याचा वारा त्या भोकातून भलतीकडे जातो आणि यंत्र तापते. कार्ड कडांना धरायचे, सरळ आत सरकवायचे, कनेक्टर पुरता बसला की स्क्रू. मग वीज. एएसएच्या कार्डावर पॉवरचा दिवा स्थिर हिरवा आणि स्टेटसचा लुकलुकता हिरवा दिसला की बसवणे ठीक झाले. शेवटी ‘शो मॉड्यूल’ हा हुकूम देऊन यंत्राने कार्ड ओळखले का ते पाहायचे.

यात मी एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली, कारण तिच्यावर थोडे थांबायचे आहे. ती म्हणजे मनगटाचा पट्टा. माणूस चालतो, कपडे घासतात आणि अंगावर स्थिर वीज साठते. साधारण तीन हजार व्होल्टांच्या खाली ती निसटली तर आपल्याला जाणवतही नाही. आणि कार्डावरचे काही नाजूक भाग शंभर व्होल्टांच्या आतही दुखावतात. म्हणजे नुकसान करणाऱ्याला आपण नुकसान केल्याचे कळण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवा ओली, चार्ज आपोआप निघून जातो. वातानुकूलित कोरड्या दालनात तो टिकून राहतो. त्यातून असा दुखावलेला भाग लगेच मरतोच असे नाही. कार्ड चालू होते, हिरवा दिवा लागतो आणि काही महिन्यांनी ते अवचित बंद पडते. यावर उपाय म्हणजे यंत्राच्या धातूला जोडलेला पट्टा. त्या पट्ट्यात एक मेगओहमचा अवरोध असतो. तो कार्डासाठी नसतो, माणसासाठी असतो. चुकून २३० व्होल्टांना हात लागला, तर त्या पट्ट्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह मिलिअँपियरच्या पाव हिश्शाच्या आत राहावा, म्हणून. हा पट्टा अधूनमधून मोजायचा असतो. सिस्कोच्या पुस्तिकेप्रमाणे एक ते दहा मेगओहमच्या दरम्यान. कमी भरला तर माणूस धोक्यात, जास्त भरला तर कार्ड.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, असेच एक कार्ड चार महिन्यांनी मेले आणि बसवणाऱ्या कंत्राटी मुलाच्या पगारातून किंमत कापायचे ठरले. ‘पट्टा का घातला नाहीस?’ हा व्यवस्थापनाचा सवाल. आम्ही एवढेच म्हटले की, भांडाराची वही दाखवा. वहीत पट्ट्याची खरेदी कधी झालेलीच नव्हती. कपात रद्द झाली.

या उपकरणांच्या सुरक्षिततेचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२३६८-१. त्यात माणसांचे तीन वर्ग केले आहेत: सामान्य, सूचना मिळालेला आणि कुशल. आपल्या किमान वेतनाच्या तक्त्यातही वर्ग आहेत: अकुशल, अर्धकुशल, कुशल. उत्पादकाची पुस्तिका बजावते की हे काम प्रशिक्षित आणि पात्र माणसानेच करावे. आणि ते करणाऱ्याच्या पगारपत्रकावर मी ‘हेल्पर’ लिहिलेले वाचले आहे. पुस्तिका खरी की पगारपत्रक, हा प्रश्न मी दोन वाटाघाटींत टेबलावर ठेवला. एकीत उत्तर मिळाले, दुसरी अजून चालू आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक. गोणी उसवणारे कार्ड काम करता करता बंद पडले तर काय करायचे, हे एएसएत आधी सांगून ठेवावे लागे. नाका उघडा ठेवायचा, म्हणजे माल न तपासता जाऊ द्यायचा. किंवा नाका बंद, म्हणजे सगळी वाहतूक ठप्प. इस्पितळात बंद ठेवला तर तपासण्यांचे अहवाल वॉर्डात पोचत नाहीत. बँकेत उघडा ठेवला तर चोर आत. दोन्ही पर्याय यंत्राला सारखेच मान्य आहेत. निवड माणसाने करायची आणि ती त्या जाळ्याच्या मालकाने करायची. परंतु होते असे की, रात्री फोन येतो, ‘काहीही कर, पण चालू कर’, आणि मुलगा नाका उघडा ठेवून घरी जातो. म्हणून आमची मागणी अशी की, कार्ड बसवण्याच्या कामाच्या कागदावर तीन रकाने छापलेले असावेत: पट्ट्याचे मोजमाप, परवान्याचा क्रमांक, आणि नाका उघडा की बंद हे ठरवणाऱ्याची सही. कागद दोन प्रतींत असावा आणि एक प्रत कार्ड बसवणाऱ्याकडे राहावी.