एकदा की दोनदा?

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, माझा भाचा लॅपटॉप घेऊन फराळाच्या ताटाशेजारी येऊन बसला. स्वारी मानसशास्त्राच्या एम. ए.ला आहे, त्यामुळे घरातली माणसे ही प्रयोगाचीच सामग्री होय, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

"मामा, मधल्या फुलीकडे बघत राहा. तिच्या खाली पांढरा ठिपका चमकेल. किती वेळा चमकला, एवढेच सांगा."

ठिपका चमकला, बरोबर 'टिक्-टिक्' असा आवाज झाला.

"दोनदा," मी म्हणालो.

"एकदाच," माझ्या खांद्यावरून बघत आमची ही म्हणाली.

पुन्हा केले, पुन्हा तेच. मी तर शपथेवर सांगायला तयार होतो. मग भाच्याने आवाज बंद करून तोच ठिपका दाखवला; आणि काय सांगावे, तो मलाही एकदाच चमकलेला दिसला!

ही गंमत लादन शम्स, युकियासु कामितानी आणि शिन्सुके शिमोजो या संशोधकांनी 2000 साली जगापुढे मांडली. एका चमकेबरोबर लागोपाठ दोन आवाज ऐकवले, की पाहणाऱ्याला पुष्कळदा चमकाही दोन दिसतात. 'दोन असाव्यात' असा हा तर्क नव्हे, त्या दिसतातच. कान डोळ्याला फितवतो, दुसरे काय! मात्र त्या दोन आवाजांत सुमारे एक दशांश सेकंदाहून अधिक अंतर पडले, की ही फितुरी चालेनाशी होते.

नेमका एक दशांशच का? याचा एक धागा जर्मनीतल्या येना या विद्यापीठाच्या गावी जाऊन पोचतो. तिथल्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाची हकीगत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. तरुणपणी लष्करी सेवेत असताना त्याचा घोडा बुजला आणि हा थेट तोफेच्या गाड्यापुढे पडला, थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशालीची तार केली. एका मनाची कळ दुसऱ्या मनाला पोचली कशी, हा प्रश्न बर्गरला जन्मभर पुरला. खगोलशास्त्राचा नाद सोडून तो वैद्यकाकडे वळला. 1924 साली त्याने माणसाच्या मेंदूतली विजेची सूक्ष्म आंदोलने टिपली. ती प्रसिद्ध केली मात्र 1929 साली. बहिणीच्या मनाचे कोडे काही त्याला सुटले नाही. परंतु डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यात सेकंदाला सुमारे 10 ठेक्यांची एक लय चालू असते आणि डोळे उघडताच ती दबते, हे त्याला आढळले. तिला त्याने 'आल्फा' म्हटले. पुष्कळ शास्त्रज्ञांनी यावर विश्वास ठेवला नाही. पुढे 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः पडताळा पाहिला, तेव्हा कुठे मान्यता मिळाली.

सेकंदाला 10 ठेके, म्हणजे एका ठेक्याला एक दशांश सेकंद! ही लय सर्वांची सारखी नसते. कोणाची 8 ची, कोणाची 12 ची. 2015 साली चेचेरे, रीस आणि रोमेई यांनी दाखवले, की ज्याची लय संथ त्याला दुहेरी चमकेचा भास आवाजांत जास्त अंतर असले तरी होतो. एवढ्यावर न थांबता त्यांनी डोक्यावरून अगदी सौम्य विद्युत्प्रवाह सोडून ती लय सेकंदाला दोन ठेक्यांनी कमीअधिक करू पाहिली. त्याबरोबर भासाची मुदतही लांबली, आखडली. गाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: विलंबित लयीत एका मात्रेत अधिक स्वर मावतात.

पण इथेच टाळ्या वाजवू नयेत. 2022 साली ब्यूर्गर्स आणि नोप्पेनी यांनी हीच गोष्ट कसून तपासली, तेव्हा त्यांना लयीचा आणि भासाचा असा संबंध आढळला नाही. भास खरा आहे. त्याचे घड्याळ आल्फाच आहे का, हा वाद चालू आहे. मला हे ऐकून बरे वाटले. आमच्या वाङ्मयाच्या क्षेत्रात आपलेच मत असे तपासायला देण्याची चाल फारशी नाही.

मेंदू हे असे का करतो? शंभर फुटांवर सुतळी बॉम्ब फुटला, तर त्याचा उजेड तत्काळ येतो आणि आवाज जवळजवळ एक दशांश सेकंद मागून. तरी आपल्याला दोन्ही बहुधा एकदमच झाल्यासारखे वाटतात. मागेपुढे आलेल्या पाहुण्यांना एका पंगतीला बसवावे, तसा हा प्रकार. एखाद्या वेळी ताट एक जास्त मांडले जाते, इतकेच.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, परीक्षागृहात, मागून कुजबुज ऐकू आली म्हणून मी वळलो आणि एका मुलाची मान शेजाऱ्याकडे फिरलेली पाहिली. "सर, मी वळलो नव्हतो," तो सांगत राहिला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे," असे म्हणून मी त्याची उत्तरपत्रिका काढून घेतली. भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, ठिपक्याचा भास निमिषभराचा. त्यावरून तो मुलगा निर्दोष होता असे काही ठरत नाही." खरे आहे. पण 'दोनदा' म्हणताना माझा आवाज जितका ठाम होता, तितकाच तो त्या दिवशीही होता.

"आणि मामीला एकदाच कसा दिसला? तिची लय जलद का?" मी विचारले.

"ते डोक्याला तारा लावल्याशिवाय सांगता येणार नाही, मामा."

आमच्या हिने मात्र तारांची वाट न पाहता निकाल लावून टाकला आहे.