एका धाग्याचं कापड

अंगात साधा सुती टी-शर्ट असेल तर त्याची खालची कड दोन्ही हातांनी धरा आणि आडवी ताणून बघा. कापड ऐसपैस पसरतं आणि सोडलं की बरंचसं जागेवर येतं. आता खिशातला सुती रुमाल काठाला समांतर धरून तसाच ताणा. तो ढिम्म हलत नाही. कापूस दोन्हीकडे तोच. आणि नुसतं सूत ताणायला जाल तर तेही फारसं ताणलं जात नाही, तुटतं. मग टी-शर्टात ही लवचीकता आली कुठून?

भिंग घेऊन बसलं की उलगडा होतो. रुमालात उभे आणि आडवे धागे काटकोनात एकमेकांच्या खालून-वरून गेलेले दिसतात. टी-शर्टात सरळ गेलेला धागाच नाही. दर्शनी बाजूला बारीक 'व्ही' अक्षरांच्या उभ्या रांगा आहेत. त्यातला प्रत्येक 'व्ही' म्हणजे एक टाका, खालच्या टाक्यातून वर ओढून काढलेला धाग्याचा फास. हीच वीण हातानं विणलेल्या स्वेटरची. तिरुपूरच्या कारखान्यांत यंत्रं ती अतिशय बारीक आणि झपाट्यानं घालतात, एवढाच फरक. म्हणजे लोकर-सुया आयुष्यात न पाहिलेला माणूससुद्धा रोज टाक्यांचं विणकाम अंगात घालून फिरत असतो.

लोकर म्हटली की ऊबदार, मऊ, ताणणारी वस्त्रं डोळ्यांसमोर येतात, पण ताणणं हा गुण लोकरीपेक्षा टाक्यांचा जास्त. आपली घोंगडी आठवा. दख्खनी मेंढ्यांची लोकर, सणगरांचा माग, वर चिंचोक्याची खळ. पाऊस-वारा अडवायला घोंगडीसारखं वस्त्र नाही, पण तिचा पायमोजा शिवायला घेतला तर टाचेशी अडेल. तेच सूत सुयांवर घेऊन टाके घातले तर खरखरीत का होईना, पायावर नीट बसणारा मोजा होईल. द्रव्य तेच राहतं. धाग्याची वाट बदलली की कापडाचा स्वभाव बदलतो.

आठ-पंधरा दिवसांची रजा पडली आहे, किंवा पाय मुरगळून घरी बसावं लागलं आहे, अशा वेळी ही गोष्ट स्वतःच्या हातानं करून बघता येते. सामान फार लागत नाही. फिक्या रंगाच्या, गुळगुळीत, मध्यम जाडीच्या लोकरीचा एक गुंडा घ्यायचा, कारण गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकरीत ते हरवतात. सोबत 8 नंबरच्या सुयांची जोडी. दुकानात नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड, 10 नंबरची सव्वातीन, 14 नंबरची फक्त 2. हा उफराटा हिशोब तारेच्या ब्रिटिश गेजशी जुळतो. धातू लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तार काढतात. जितक्या जास्त वेळा ओढावं तितकी ती बारीक होते आणि तिचा नंबर वाढतो. वायरमनच्या तोंडी असलेलं माप आणि विणणाऱ्या मावशींच्या तोंडचं माप एकाच कुळातलं आहे.

आता प्रत्यक्ष टाका. डाव्या सुईवर टाके घालून झाले आहेत, उजवी सुई रिकामी आहे. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात पुढून मागे घालायचं. मागे असलेला धागा त्या टोकाभोवती एकदा फिरवायचा. टोक हळूच खाली दाबत तो धागा जुन्या टाक्यातून पुढे ओढून घ्यायचा. उजव्या सुईवर नवा टाका आला, डावीवरचा जुना सोडून द्यायचा. घाला, फिरवा, ओढा, सोडा. हा सुलट टाका. उलट टाक्यात धागा पुढे असतो आणि सुई मागून पुढे येते.

गंमत अशी, की विणकामाच्या पुस्तकात ज्यांची नावं सतत जोडीनं येतात ते हे दोन टाके मुळात एकच आहेत. सुलट टाक्याला मागून बघा, उलट टाका दिसेल. समोरून 'व्ही', पाठीमागून आडवी गाठोळी. गाठोळी फक्त दिसायला, गाठ तिथे नाहीच. दोन उलट, दोन सुलट असं पुटपुटत विणणारी बाई खरं तर एवढंच ठरवत असते, की हा फास कापडाच्या कुठल्या बाजूला तोंड करून बसणार. प्रत्येक टाक्याला दोनच पर्याय. पण त्यांचा क्रम बदलला की त्याच लोकरीतून, त्याच सुयांवर वेगवेगळं कापड उतरतं.

शिकणाऱ्याला साधारण चार विणी आधी भेटतात. पहिली, जाईल ती ओळ सुलट. हे कापड जाडसर होतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि टेबलावर सपाट पडून राहतं. दुसरी, एक ओळ सुलट आणि परत येताना उलट. एका बाजूला स्वच्छ 'व्ही', दुसरीकडे सगळ्या गाठोळ्या. तिसरी स्वेटरच्या बॉर्डरची, एकाच ओळीत आलटून पालटून सुलट-उलट, आणि वरच्या ओळीत सुलटावर सुलट, उलटावर उलट. ही मनगटाशी घट्ट बसते आणि हात घालताना मोठी होते. चौथीत तोच क्रम ठेवून वरच्या ओळीत एक टाका सरकवायचा, सुलटाच्या डोक्यावर उलट. सगळीकडे बारीक दाणे उठतात. ती साबुदाण्याची वीण.

यातली दुसरी वीण नवख्याला फार छळते. सुयांवरून उतरताच तिच्या उभ्या कडा मागच्या बाजूला गुंडाळतात, वरची आणि खालची कड पुढच्या बाजूला. इस्त्री करा, वजन ठेवा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. हात वाईट म्हणून असं होत नाही. टाका हा सपाट आकार नाही. त्याचे दोन पाय कापडाच्या पुढच्या अंगाला असतात, डोकं मागच्या अंगाला, म्हणजे धागा तिथे जबरदस्तीनं वाकवलेला असतो आणि त्याला सरळ व्हायचं असतं. सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून बसले की त्या सगळ्यांचा ओढा एकाच दिशेला साठतो आणि कड वळते. सुलट-उलट मिसळले की एकाचा ओढा दुसरा खोडून काढतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या तरी ओळीगणिक काम फिरवल्यामुळे एकाआड एक ओळ समोरून उलट दिसते, म्हणून पहिला मफलर तसा विणायला सांगतात. सांगणाऱ्या काकूंनी यामागचं कारण कधी समजावलेलं नसतं, पण सल्ला बिनचूक असतो.

त्या पहिल्या मफलरचा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. 20 सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब. या विणीत 10 सेंटिमीटरला 20 टाके आणि 40 ओळी धरल्या तर रुंदीला 40 टाके आणि लांबीला 600 ओळी, एकूण 24,000 टाके. एका टाक्यात सव्वा सेंटिमीटर धागा गेला असं मानलं तर 300 मीटर. एवढा लांब धागा 24,000 वेळा स्वतःतूनच आरपार ओढला, आणि त्यात सुटणार नाही अशी गाठ एकही नाही. सुरुवातीची सरकती गाठसुद्धा ओढली की मोकळी होते. शेवटच्या टाक्यातून काढून घेतलेलं टोक परत बाहेर घेतलं, तर आख्खा मफलर सरसर उसवून पुन्हा गुंडा होऊ शकतो. दाट लोकवस्तीसारखं दिसणारं ते कापड गणिताच्या नजरेनं गुंतलेलंच नाही. म्हणून तर पूर्वी मुलगा मोठा झाला की त्याचा स्वेटर उसवून, लोकर धुऊन, धाकट्यासाठी नव्यानं विणत. शिवलेल्या शर्टाचा कापलेला तागा परत मिळत नाही. इथे चुकलेलं सगळंच्या सगळं परत मिळतं.

ही रचना सगळ्यात स्पष्ट दिसते ती टाका सुटल्यावर. सुईवरून एक टाका निसटतो, त्याला धरणारं कुणी नसतं, म्हणून तो खालच्या टाक्यातून बाहेर येतो, मग खालचा त्याच्या खालच्यातून. बघता बघता कापडात एक उभी शिडी तयार होते. घाबरून सगळं ओढू नये. क्रोशाची सुई घ्यावी, तळाशी शाबूत असलेला टाका तिच्या आकड्यात पकडावा आणि शिडीची पहिली पायरी त्यातून ओढून घ्यावी. मग दुसरी, मग तिसरी. वर पोचलात की टाका परत विणकामाच्या सुईवर. ही दुरुस्ती एकदा स्वतः केली की टाके नुसते मोजले जात नाहीत, वाचता येतात. कुठली ओळ उलट होती, कुठे एक टाका जास्त झाला, हे कापडच सांगू लागतं.

सूत ताणलं जात नाही तरी कापड ताणलं जातं, ते कसं? आडवं ओढलं की टाक्याचे उभे पाय फाकतात आणि त्यांतला धागा सरकत आडव्या भागात जातो. धाग्याची लांबी तीच राहते, फक्त तिची वाटणी बदलते. 2018 साली फ्रान्समधल्या सॅम्युएल पॉइंक्लू, मोख्तार अद्दा-बेदिया आणि फ्रेडरिक लेशनो या भौतिकशास्त्रज्ञांनी याच विचारावर विणलेल्या कापडाचं गणिती प्रारूप मांडलं. न ताणला जाणारा धागा, त्याला वाकवायला लागणारी ऊर्जा आणि एकमेकांत अडकलेले टाके, एवढ्यावर कापडाचं वागणं बरंचसं समजतं. त्यांनी दुसऱ्या प्रयोगात कापड अगदी सावकाश ताणलं. धागे एकमेकांवर घासत सलग सरकले नाहीत. अडले, मग एकदम सुटले, एकाच्या सुटण्यानं शेजारचे सुटले. या लहान-मोठ्या धक्क्यांची आकडेवारी भूकंपांच्या आकडेवारीच्या धर्तीवर जाणारी निघाली.

आकार देणं ही पुढची पायरी. इथे कापड आधी तयार करून मग बेतायचं नसतं. कापड आणि कपडा एकाच वेळी घडतात. मोज्याची टाच बघा. ओळ पूर्ण न करता मधूनच मागे फिरायचं, पुन्हा थोडं जाऊन फिरायचं. मधल्या भागात ओळी जास्त होतात, कडेला कमी, आणि सपाट पट्टीला आपोआप खोलगा येतो. कात्री नाही, शिलाई नाही. ओळीगणिक टाके ठरावीक प्रमाणात वाढवत गेलं तर कडेला जागा पुरेनाशी होते आणि झालरीच्या चुण्या पडतात. या चुण्यांत शिस्तशीर भूमिती आहे. कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या लातव्हियन गणितज्ञ बाईंनी 1997 साली नेमका हाच नियम वापरून अतिपरवलयी पृष्ठभाग विणला, ज्याच्यावर एका बिंदूतून दुसऱ्या रेषेला एकाहून अधिक समांतर रेषा जातात. त्यांनी क्रोशा निवडला, कारण तिथे एका वेळी एकच टाका मोकळा असतो. दोन सुयांवर त्या वाढत्या टाक्यांची गर्दी मावली नसती.

कलेचं वय पाहिलं तर मागाच्या मानानं ही पोर आहे. माग हजारो वर्षांचा. टाक्यांनी विणलेल्या कापडाचे सगळ्यात जुने खात्रीचे नमुने इजिप्तमध्ये सापडलेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून पुढचे, निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे. तेही इतके सफाईदार, की शिकाऊ हातांचे ते नक्कीच नव्हेत. 1589 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. ओळीतल्या प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडा देऊन आख्खी ओळ एका दमात विणायची, ही त्याची युक्ती. आजची होजियरी यंत्रं त्याच वाटेनं आलेली आहेत.

घरी बसलेल्या माणसाला यंत्राशी स्पर्धा करायची नाही. त्यानं रोज थोडं विणावं, बोटं आखडली की थांबावं. हातांचं शिक्षण सलग तासांपेक्षा अधूनमधून मिळालेल्या विश्रांतीनं पक्कं होतं, रात्रीच्या झोपेनं तर विशेष. काल जो टाका मन लावून, जीभ चावत घालावा लागत होता तो दोन-चार दिवसांत बोलता बोलता पडतो. रजेचा खरा उपयोग तो, रोज सुया हातात घ्यायला सवड मिळते.

आणि नवशिक्याचं काम किरकोळ मानू नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत एलिझाबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणींची लवचीकता मोजून, संगणकावर पडताळून 2024 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धागा तोच ठेवून फक्त सुलट-उलटाचा क्रम बदलला तर कापड किती मऊ किंवा किती ताठ होईल, हे आधीच ठरवता येईल अशी त्यांची दिशा. त्यांनी अभ्यासाला घेतलेल्या विणी चार. सगळ्या ओळी सुलट, एक ओळ सुलट एक उलट, बॉर्डरची आणि साबुदाण्याची. शिकणारा पहिल्या रजेत विणतो त्याच. पुस्तकांत विणी शेकडोंनी आहेत, त्यांचं गणित अजून व्हायचं आहे. त्या विणता मात्र आजही येतात.