विश्लेषण : बोलणारा चॅटबॉट दिव्यांगांच्या किती कामाचा?

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला जायचे तर दिवस मोडतो. दिव्यांग व्यक्तीसोबत माणूस लागतो, त्याचाही रोज बुडतो. त्यामुळे सरकारी कामे व्हॉट्सॲपवर होणार, ही बातमी इथे शहरापेक्षा मोलाची. ‘आपले सरकार’च्या सेवांसाठी असा चॅटबॉट आणण्याचा मेटासोबतचा करार राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला. मराठी, हिंदी, इंग्रजीत, लिहून किंवा बोलून विचारता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले.

बोलता आले की झाले?

नाही. अंध व्यक्ती फोन ‘टॉकबॅक’सारख्या स्क्रीन रीडरवर चालवते. अनेक एआय ॲपमध्ये उत्तर शब्दाशब्दाने उमटते. बघायला छान, पण स्क्रीन रीडर मध्येच अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून वाचतो किंवा गप्प बसतो. व्हॉट्सॲपवर अख्खा संदेश एकदम येतो, हा फायदाच. अडचण पुढे असते. संदेशातली लिंक उघडली की अर्ज समोर येतो. तिथल्या बटणाला नावच दिलेले नसेल तर कानावर नुसते ‘बटण’ पडते. ते ‘पाठवा’ की ‘रद्द करा’, कळणार कसे? आणि शासन निर्णयाची पीडीएफ स्कॅन केलेली असेल, तर ऐकायला काहीच नाही.

फक्त आवाजावर भिस्त ठेवली तर कर्णबधिर बाहेर राहतात. त्यांच्यापैकी अनेकांची पहिली भाषा सांकेतिक. ‘उपरोक्त’, ‘सदरहू’ छापाची मराठी त्यांना परकीच. (ती इतरांना तरी कुठे कळते?) सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चार अस्पष्ट असणाऱ्यांचे बोलणे यंत्राला नीट उमगत नाही. कर्जतच्या वाड्यांवरची ठाकरी, कातकरी बोली यंत्राने ऐकलेली असण्याची शक्यताही कमीच.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि एक अंध व्यक्ती न्यायालयात गेली होती. ई-केवायसीत ‘डोळे मिचकावा’ म्हणतात; ज्यांना ते शक्यच नाही, त्यांनी जिवंत असल्याचे कसे दाखवायचे? न्यायालयाने २० निर्देश दिले.

मग चाचणी कशी घ्यावी?

तयार झाल्यावर नव्हे, बनवतानाच दिव्यांगांच्या हाती द्यावी. तीही स्वस्त फोनवर, रेंज येते-जाते अशा ठिकाणी. आणि बॉट अडला की पुढे बोलायला माणूस असावा, त्याच्यापर्यंत फोन करूनही पोहोचता यावे आणि लिहूनही.