सहकुटुंब ॲम्स्टरडॅम

गेल्या वर्षीं आमच्या घरीं युरोपच्या प्रवासाची वाटाघाट चालली असतां ॲम्स्टरडॅमचें नांव निघालें. तेव्हां आमचे थोरले बंधु अप्पा यांनीं हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवून, "त्या गांवीं का घरच्या बायकामुलांना न्यायचें?" असा एकच प्रश्न विचारला. अप्पांचा चिरंजीव दोन वर्षांपासून त्या शहराला लागूनच असलेल्या ॲम्स्टेलवेन येथें नोकरीस आहे. त्याच्याकडे जाण्यास त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती शहर पाहण्यास. रात्रींचें जागरण, गांजा आणि कांचेच्या खिडक्यांत उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, एवढ्यासाठींच तें प्रसिद्ध आहे असें त्यांनीं ऐकलें होतें. आणि खरें सांगावयाचें तर मींही त्याहून फारसें अधिक ऐकलें नव्हतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु आपला मुलगा कोणत्या वस्तींत दिवस काढीत आहे, ही काळजी त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती. अखेर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या आईनें, "नातू जिथें राहतो तें गांव मला पाहायचें आहे," असें म्हटलें, आणि वाद मिटला. अप्पा घर सांभाळण्यास मागें राहिले. आई, वहिनी, पंधरा वर्षांची पुतणी, माझी पत्नी व मी असे पांच जण निघालों.

परत आल्यापासून अप्पांचाच प्रश्न अनेक परिचितांनीं विचारला. त्या सर्वांना एकदमच उत्तर द्यावें, म्हणून हा लेख.

प्रथम त्या बदनामीविषयीं स्पष्ट बोललेलें बरें. ज्या भागामुळें ती पसरली, तो जुन्या शहरांतील थोड्याशा गल्ल्यांचा आहे. तेथील धंद्यास कायद्याची मान्यता आहे, पण त्यासाठीं लोटणाऱ्या उनाड गर्दीला खुद्द नगरपालिकाच कंटाळली आहे. इ. स. २०२० मध्यें तिनें त्या खिडक्यांवरून प्रवाशांचे तांडे फिरविण्यास बंदी केली. २०२३ च्या मे महिन्यापासून त्या भागांत रस्त्यावर गांजा ओढणें बंद केलें. आणि केवळ धुंदीसाठीं येऊं पाहणाऱ्या ब्रिटिश तरुणांना 'येऊं नका' असें सांगणारी मोहीमही त्याच वर्षीं काढली. मौज अशी कीं, शहरांतील सर्वांत जुनी इमारत, इ. स. १३०६ मध्यें प्रतिष्ठित झालेलें 'औदे केर्क' हें प्रार्थनामंदिर, याच गल्ल्यांच्या मधोमध उभें आहे. त्याची फरसबंदी म्हणजे जुन्या थडग्यांच्या शिळा; चित्रकार रेम्ब्रांटची पत्नी सास्किया हिचीही शिळा त्यांत आहे. आम्ही तेथें सकाळीं दहाच्या सुमारास गेलों, तेव्हां रस्ते झाडणारे आणि कुत्रीं फिरविणारे एवढेच लोक भेटले. ज्यांना हें मंदिर पाहावयाचें असेल त्यांनीं सकाळचीच वेळ धरावी. वाटेंतील कोणत्याही खिडकीकडे कॅमेरा रोखूं नये. तें तेथें अशिष्ट समजतात, आणि आपल्यालाही शोभत नाहीं.

आणखी एक सावधगिरी. आईला कॉफीची तल्लफ आली, म्हणून 'कॉफीशॉप' अशी पाटी पाहून मी तिला घेऊन दारापर्यंत गेलों, तों पुतण्यानें धांवत येऊन अडविलें. त्या गांवीं 'कॉफीशॉप'मध्यें गांजा विकतात. कॉफी पाहिजे असल्यास 'कॅफे' किंवा 'कॉफीहौस' शोधावें. आई पुढें दोन दिवस ही गोष्ट आठवून हंसत होती.

या शहराचें खरें चरित्र सुरू होतें तें पाण्यापासून. आपलें विमान ज्या स्खिपोल विमानतळावर उतरतें, तेथें पूर्वीं हार्लेमचें विस्तीर्ण सरोवर होतें. वाफेच्या पंपांनीं सुमारें तीन वर्षें उपसून इ. स. १८५२ मध्यें तें कोरडें केलें. तेथील भूमि आजही समुद्रसपाटीहून तीन मीटरांहून अधिक खालीं आहे. शहराखालची जमीनही मऊ दलदलीची, म्हणून जुन्या इमारती जमिनींत खोल ठोकलेल्या लांकडी खुंटांवर पेलल्या आहेत. दाम चौकांतील राजवाडा मूळचें नगरभवन, इ. स. १६५५ मध्यें उघडलेली ही इमारत १३,६५९ खुंटांवर उभी आहे. हा आंकडा लक्षांत ठेवण्याची युक्ति तेथील मुलांना शिकवितात : वर्षाचे ३६५ दिवस, त्याच्यापुढें एक आणि मागें नऊ.

सतराव्या शतकांत शहराभोंवतीं अर्धवर्तुळाकार कालवे खणून त्यांच्या कांठीं व्यापाऱ्यांनीं घरें बांधलीं. हेरेन्ग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेन्ग्राख्त हे त्यांतील तीन मोठे. हा सर्व भाग युनेस्कोनें २०१० मध्यें जागतिक वारसा म्हणून नोंदला. घरें चिंचोळीं, जिने त्याहून चिंचोळे. म्हणून प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढें आलेली असते व तिला आंकडा असतो. जड सामान दोरानें ओढून खिडकींतून आंत घेतात. एका सकाळीं एक भलें मोठें कपाट असें वर चढत होतें, तें पाहण्यास आमची सर्व मंडळी अर्धा तास उभी होती. त्याला तिकीट नव्हतें.

या श्रीमंतीचा एक धागा कोंकणापर्यंत येतो. इ. स. १६०२ मध्यें स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचें सर्वांत मोठें ठाणें ॲम्स्टरडॅमला होतें, आणि तिनेंच १६३७ मध्यें वेंगुर्ल्यास वखार घातली. आमच्या आईचें माहेर वेंगुर्ल्याचें. त्या पडक्या वखारीजवळ ती लहानपणीं खेळलेली. कालव्याकांठचीं तीं उंच घरें पाहून ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडचें मिरें इथें येऊन घरें झालीं म्हणायचीं!" या वैभवाची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. जायफळाच्या मक्त्यासाठीं याच कंपनीनें इ. स. १६२१ मध्यें बांदा बेटांवरील हजारों रहिवाशांचा संहार केला. गुलामांच्या व्यापारांतही या शहराचा हात होता, आणि त्याबद्दल २०२१ मध्यें महापौरांनीं जाहीर क्षमा मागितली.

रैक्सम्यूझियम या राष्ट्रीय संग्रहालयांत रेम्ब्रांटचें १६४२ मधील 'रात्रीची गस्त' हें प्रचंड चित्र पाहण्यास गर्दी लोटते. तें अवश्य पाहावें. पण तेथेंच फर्मीरचें, भांड्यांतून दूध ओतणाऱ्या दासीचें लहानसें चित्र आहे, त्यापुढें अधिक वेळ उभें राहावें. माझी पत्नी म्हणाली, "हिच्या मनगटाकडे पाहा. भांडें जड आहे, आणि धार मोडूं द्यायची नाहीं." स्वयंपाकघरांत उभें आयुष्य गेलेल्या माणसाला तें चित्र समजावून द्यावें लागत नाहीं. ज्या रेम्ब्रांटनें ती 'गस्त' रंगविली त्यानेंच हिंदुस्थानांतून आलेलीं मोंगल चित्रें समोर ठेवून शहाजहानाचीं व दरबारी मंडळींचीं रेखाटनें केलीं होतीं, हेंही आपल्याकडील थोड्यांनाच ठाऊक असतें. अठरा वर्षांखालील मुलांना येथें प्रवेश विनामूल्य आहे. सगळे मजले एका दमांत पाहण्याचा हट्ट धरूं नये; वृद्ध मंडळी बरोबर असतां दोन तास पुरे.

जुन्या शहरांत अशीं कांहीं स्थळें आहेत, जीं रस्त्यावरून सहसा दिसत नाहींत. व्रतबंधन न घेतां एकत्र राहून उपासना करणाऱ्या बेगीन स्त्रियांसाठीं मध्ययुगांत वसलेला बेगैनहोफ हा चौक गजबजलेल्या बाजाराच्या आड आहे. शेवटची बेगीन १९७१ मध्यें वारली, तरी आजही तेथें एकट्या स्त्रियाच राहतात. तेथें हलक्या आवाजांत बोलावें. दुसरें स्थळ खुद्द त्या बदनाम गल्ल्यांच्या कडेला आहे. कॅथॉलिकांना उघड उपासनेची बंदी होती त्या काळांत एका व्यापाऱ्यानें इ. स. १६६३ मध्यें आपल्या घराच्या माळ्यावर संपूर्ण प्रार्थनामंदिर उभारलें. १८८८ पासून तें संग्रहालय आहे. बाहेरून पाहिलें तर शेजारच्यासारखेंच एक घर!

आणि तिसरें स्थळ, प्रिन्सेन्ग्राख्तवरील २६३ क्रमांकाचें घर. जर्मन अंमलांत ॲन फ्रँक या ज्यू मुलीचें कुटुंब व इतर चौघे अशीं आठ माणसें पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागें दडविलेल्या खोल्यांत जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत लपून राहिलीं. पकडलेल्या आठांपैकीं एकटे वडील ऑटो फ्रँक जिवंत परतले. ॲन बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणींत पंधराव्या वर्षीं मरण पावली. तिची रोजनिशी वडिलांनीं १९४७ मध्यें प्रसिद्ध केली.

तेथील जिने शिडीसारखे उभे आहेत, म्हणून आई व वहिनी जवळच्या वेस्टेरकेर्क मंदिरापाशीं बांकावर बसल्या आणि आम्ही तिघें वर गेलों. ऑटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. ॲननें चिकटविलेलीं चित्रें भिंतीवर आहेत. आणि एके ठिकाणीं आईबापांनीं दोन्ही मुलींची उंची मोजून ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. आमच्या माजघराच्या दाराच्या चौकटीवरही अशाच रेघा आहेत. त्यांत माझ्या पुतणीच्या सर्वांत वरच्या. ती त्या भिंतीपुढें बराच वेळ उभी राहिली व कांहीं बोलली नाहीं. खालीं आल्यावर ती आजीला बिलगून बसली. इतक्यांत मनोऱ्यावरच्या घंटा झाल्या, तेव्हां म्हणाली, "आजी, तीही हीच घंटा ऐकत असे." आईनें तिचा हात आपल्या हातांत घेतला. वहिनी तेथून उठेनात. जवळच उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे त्या पाहत होत्या. मग मुलानेंच आम्हांस ज्यू वस्तीच्या जुन्या भागांतील नामस्मारकाकडे नेलें. २०२१ मध्यें उघडलेल्या या स्मारकाच्या भिंतींत १,०२,००० हून अधिक विटा आहेत. प्रत्येक विटेवर नेदरलँड्समधून नेऊन मारलेल्या एकेका माणसाचें नांव, जन्मतारीख व वय.

आतां जाणाऱ्यांसाठीं व्यवहाराच्या गोष्टी. ॲन फ्रँकच्या घराचीं तिकिटें केवळ संगणकावरून आगाऊ मिळतात. दर मंगळवारीं सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांचीं खुलीं होतात आणि पाहतां पाहतां संपतात. म्हणून आधीं तें तिकीट, मग बाकीचा बेत. ट्राममध्यें प्रत्येकानें स्वतःचें बँक कार्ड चढतांना व उतरतांना यंत्राला लावावें. एका कार्डावर दोघांना जातां येत नाहीं. तांबड्या रंगाची वाट सायकलींची असते, तिच्यावर चुकूनही उभें राहूं नये. मुक्कामाच्या भाड्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के प्रवासी कर आहे, तो हिशेबांत धरावा. मध्य स्थानकामागून पलीकडच्या तीरास जाणाऱ्या नावेला पैसे पडत नाहींत. संध्याकाळची हवा खाण्यास याहून चांगली सोय नाहीं. १८८८ पासून चालूं असलेल्या कॉन्सर्टखेबौ या संगीतगृहांत सप्टेंबर ते जून बहुधा बुधवारीं दुपारीं विनामूल्य गायनवादन असतें. जागा मात्र आधीं राखावी.

शाकाहारी मंडळींनीं चीज घेतांना चौकशी करावी, कारण पुष्कळशा चीजमध्यें वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात. वेष्टनावर शाकाहारी 'स्ट्रेमसेल' आहे कीं नाहीं तें पाहावें. इ. स. १८७३ पासून उत्तर हिंदुस्थानांतून सुरिनामला गेलेल्या मजुरांचे वंशज पुढें मोठ्या संख्येनें नेदरलँड्सला आले. त्यांच्या खानावळींत रोटी, बटाटा व चवळीच्या शेंगांची भाजी मिळते. कोंबडी व अंडें नको असें मात्र आधीं सांगावें.

घरीं परतल्यावर रात्रीं जेवणें आटोपून सगळे ओसरीवर बसलों. वहिनींनीं अप्पांना मुलाची खोली, त्याचा शेजार, कालव्याची वाट, सर्व बारकाईनें सांगितलें. पुतणीनें चौकटीवरच्या रेघा दाखवून ॲनची गोष्ट सांगितली. अप्पा ऐकत राहिले. शेवटीं चष्मा पुसत मला म्हणाले, "तें तिकीट किती आठवडे आधीं काढायचें म्हणालास?"